गाण्याचें पान कसें लिहावें ?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शाळेंत गिटार ह्या वाद्याचा प्रसार बराच झाला आहे. पूर्वीं वर्गाच्या कोपऱ्यांत क्रिकेटच्या बॅटी उभ्या असत. आतां त्यांच्या शेजारीं काळ्या कापडी खोळींत घातलेली एखादी गिटारही उभी असते. कित्येक पालक भेटल्यावर मला विचारतात, "सर, हें रॉक संगीत म्हणजे नुसता गोंगाट नव्हे काय ? त्यांत मुलांनीं शिकावें असें काय आहे ?" मी स्वतः हार्मोनियमवर वाढलेला मनुष्य आहें, आणि हें संगीत माझ्या कानांस अजून पुरतें मानवलेलें नाहीं, हें मी कबूल करतों. तेव्हां त्याची वकिली मी येथें करणार नाहीं. परंतु तें कागदावर कसें उतरवावें ह्या एका लहानशा प्रश्नानें मला चांगलेंच शिकविलें. आणि त्यांतील पहिला धडा माझ्या चुकीमुळें एका विद्यार्थिनीला भर रंगमंचावर घ्यावा लागला. ती हकीकत आधीं सांगतों, म्हणजे पुढील विवेचन कशासाठीं आहे हें ध्यानांत येईल.

आपल्या वाद्यवृंदांत त्या वेळीं पांच मुलें होतीं. त्यांपैकीं दहावींतील एका विद्यार्थ्यानें एक गाणें रचलें. शब्द मराठी, ठेका रॉकचा. गाण्याच्या आरंभीं तो गिटारीवर आठ स्वरांचा एक तुकडा एकटाच वाजवीत असे. फिरून फिरून येणारा आणि गाण्याची ओळख पटविणारा असा जो तुकडा, त्याला मुलें 'रिफ' म्हणतात. स्नेहसंमेलनांत तो रिफ ऐकतांच मागच्या बाकांवरील मुलें उठून उभीं राहिलीं. पुढें परीक्षा झाली. त्याच्या वडिलांची नोकरी रेल्वेंत. त्यांची बदली झाली आणि तो मुलगा नागपूर सोडून गेला. जातांना त्यानें गाण्याचें पान आठवींतील एका मुलीच्या हातीं दिलें. त्या पानावर गाण्याचे शब्द होते, आणि शब्दांच्या डोक्यावर कॉर्डांचीं अक्षरें होतीं. दुसरें कांहीं नव्हतें. रिफ त्याच्या बोटांत होता, आणि जें बोटांत आहे तें लिहून ठेवावें हें पंधरा वर्षांच्या मुलाला सुचत नाहीं. (चाळिशी उलटलेल्या माणसालाही पुष्कळदां सुचत नाहीं.)

पुढील वर्षीं तेंच गाणें पुन्हां करावयाचें ठरलें. ती मुलगी पान घेऊन माझ्याकडे आली व म्हणाली, "सर, सुरुवातीचें वाजवणें ह्यांत नाहीं." मीं पानावरून नजर फिरविली. आमच्या चर्चमधील तरुण मंडळी गीतांच्या शब्दांवर अशींच अक्षरें लिहून गिटारीची साथ करतात; तेव्हां तो प्रकार माझ्या परिचयाचा होता. "जें लिहिलें आहे तेवढें पुरे," असें मी तिला म्हणालों. संमेलनाच्या संध्याकाळीं पडदा उघडला. तिनें ई मायनर ही कॉर्ड धरून तारा झणकारावयास सुरुवात केली. ड्रम वाजविणारा मुलगा रिफच्या शेवटच्या स्वरावर ठेका उचलीत असे. तो स्वर आलाच नाहीं, म्हणून तो काठ्या हातांत धरून वाट पाहत राहिला. गाणाऱ्या मुलानें भलत्याच मात्रेवर कडवें धरलें. प्रेक्षकांस हें गेल्या वर्षींचें गाणें आहे हें कळलेंच नाहीं. अर्ध्या मिनिटांत सारें थांबलें. खालीं आल्यावर त्या मुलीनें एक शब्दही काढला नाहीं. घडी केलेलें तें पान तेवढें माझ्या हातांत दिलें.

ज्यांस गिटारीची माहिती नाहीं अशा वाचकांसाठीं आतां दोन गोष्टींचा खुलासा करतों.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजविलेल्या तीन किंवा अधिक स्वरांचा मेळ. सी, ई, जी हे तीन स्वर एकत्र वाजविले कीं सी मेजर. ई, जी, बी हे वाजविले कीं ई मायनर. शब्दांवर ह्या कॉर्डांचीं नांवें लिहिलीं म्हणजे झाला 'कॉर्ड चार्ट'. तो लिहावयास सोपा, एका पानांत मावणारा, आणि गिटार, की-बोर्ड, बास अशा सर्व वादकांस सारखाच उपयोगी. मात्र ह्या जागीं कोणत्या स्वरांचा मेळ आहे, इतकेंच तो सांगतो. ते स्वर कोणत्या क्रमानें, कोणत्या तारेवर, किती वेळां वाजवावे हें तो सांगत नाहीं. स्वयंपाकघरांत कोणी "आज वरण, भात, भरलीं वांगीं" एवढेंच लिहून ठेवावें, तशांतला हा प्रकार. ज्याला स्वयंपाक येतो त्याला तेवढें पुरतें. पण आजीच्या हातचीं भरलीं वांगीं त्या चिठीवरून होत नाहींत.

दुसरी पद्धत टॅबची. सहा तारांसाठीं सहा आडव्या रेघा काढतात. सर्वांत खालची रेघ म्हणजे जाड, खर्जाची सहावी तार. सर्वांत वरची म्हणजे बारीक पहिली तार. रेघेवर जो आंकडा लिहितात तो पडद्याचा. मुलें त्याला फ्रेट म्हणतात. ३ म्हणजे तिसऱ्या पडद्यापाशीं बोट दाबावें, ० म्हणजे तार मोकळी वाजवावी. टॅब स्वराचें नांव सांगत नाहीं, बोटाची जागा सांगते. गिटारीच्या बाबतींत ह्याला फार महत्त्व आहे, कारण एकच स्वर तिच्यावर अनेक ठिकाणीं सांपडतो. पहिल्या तारेचा मोकळा ई हा स्वर घ्या. दुसऱ्या तारेवर पांचव्या पडद्यापाशीं, तिसऱ्या तारेवर नवव्यापाशीं आणि चौथ्या तारेवर चौदाव्यापाशीं अगदीं तोच स्वर आहे. नाद मात्र प्रत्येक ठिकाणीं निराळा, आणि त्या स्वरावरून पुढच्या स्वराकडे जाण्याची बोटांची वाटही निराळी.

कालाच्या बाबतींत टॅब उणी आहे. कोणता स्वर किती वेळ टिकवावा हें साध्या टॅबवरून समजत नाहीं. ज्यानें गाणें ऐकलें आहे त्यालाच ती खरी बोलते. तिचा दुसरा दोष लांबीचा. त्या दोषाची ओळख मुलांस मींच करून दिली.

संमेलनांतील फजितीनंतर मी एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर गेलों. "ह्यापुढें प्रत्येक गाण्याची संपूर्ण टॅब लिहिली पाहिजे," असा हुकूम काढला. मुलांनीं तें काम निमूटपणें केलें. साडेतीन मिनिटांच्या गाण्याचीं नऊ पानें झालीं. जेथें ई मायनर आठ वेळां झणकारावयाची, तेथें सहा रेघांवर सहा आंकडे, आणि आंकड्यांचे असे आठ उभे खांब. सरावाच्या वेळीं सर्वांचे डोळे कागदावर खिळलेले. कोणी कोणाचें ऐकेना. पान उलटावयास एक हात लागतो आणि गिटारीला दोन्ही हात लागतात, ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती. डिसेंबरांतील वाऱ्यानें पटांगणांतल्या स्टँडवरून चौथें पान उडालें, तेव्हां एक मुलगा मला ऐकूं येईल अशा बेतानें म्हणाला, "बरें झालें."

त्या मुलीनें मात्र निराळा मार्ग काढला. तिनें त्या गांव सोडून गेलेल्या मुलाला फोन केला. "दादा, सुरुवातीला तूं काय वाजवायचास ?" त्यानें गुणगुणून दाखविलें, पण फोनवर तें तिला धड लागेना. तेव्हां तो म्हणाला, "लिहून घे. सहावी तार मोकळी, दोनदां. मग तिसरा पडदा. पुन्हां मोकळी. मग पांचवी तार, दुसरा पडदा…" तिनें वहीच्या कोपऱ्यांत दोन रेघा ओढल्या आणि त्यांवर आंकडे मांडले. रिफ झाल्यावर त्यानें आपण होऊन आणखी दोन जागा सांगितल्या. बाकीच्या गाण्याविषयीं तिनें कांहींच विचारलें नाहीं, कारण बाकीचें पानावर होतेंच. दुसऱ्या दिवशीं तिनें मला एकच पान दाखविलें. त्यावर शब्द होते, कॉर्डांचीं नांवें होतीं, आणि फक्त तीन ठिकाणीं टॅबच्या रेघा होत्या.

ही युक्ति तिची तिलाच सुचली. परंतु ती जवळजवळ चारशें वर्षांची जुनी आहे, हें वाचून विद्यार्थ्यांस मौज वाटेल. १६०६ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं जिरोलामो मॉन्तेसार्दो ह्यानें गिटारीचें एक पुस्तक छापून प्रसिद्ध केलें. त्या काळच्या गिटारीस आजच्याप्रमाणें सहा तारा नसून तारांच्या पांच जोड्या असत. मॉन्तेसार्दोच्या पुस्तकांत प्रत्येक कॉर्डसाठीं बोटांची जी ठेवण लागते, तिला एकेक अक्षर दिलेलें होतें. ह्या पद्धतीला 'आल्फाबेतो' म्हणत. गंमत अशी कीं तें अक्षर म्हणजे स्वराचें नांव नव्हे, केवळ खूण होय. 'ए' ह्या अक्षरानें आज आपण जिला जी मेजर म्हणतों ती कॉर्ड घ्यावयाची, 'बी' नें सी मेजर, 'सी' नें डी मेजर. गीतांच्या शब्दांवर अशीं अक्षरें छापलेलीं पुष्कळ पुस्तकें पुढें इटलींत निघालीं. आजचा कॉर्ड चार्ट तो हाच.

टॅब तर ह्याहूनही जुनी. स्पेनांत वॅलेन्सिया येथें १५३६ सालीं लुईस मिलान ह्याचें 'एल माएस्त्रो' हें पुस्तक छापलें गेलें. तें विहुएला नांवाच्या गिटारसदृश वाद्याचें आहे, आणि त्यांत आजच्याप्रमाणेंच वरची रेघ बारीक तारेसाठीं आहे. इटलींतील वादक मात्र वरची रेघ जाड तारेसाठीं घेत. वाचणाऱ्यानें देश विचारूनच बोट ठेवावें, असा तो प्रकार होता. १६३० च्या सुमारास जोव्हान्नी पाओलो फोस्कारिनी ह्यानें ह्या दोन्ही पद्धति एका पानावर आणल्या. सर्व तारा झणकारावयाच्या तेथें अक्षर, आणि एकेक तार छेडावयाची तेथें आंकडे. १६७४ सालीं सारागोसा येथें निघालेल्या गास्पार सान्स ह्याच्या गिटारशिक्षणाच्या पुस्तकांतही हे दोन्ही प्रकार शेजारीं शेजारीं नांदतात.

अलीकडचीं उदाहरणें आपल्या पालकांच्याही ओळखीचीं आहेत. १९७३ सालच्या 'यादों की बारात' ह्या चित्रपटांत राहुलदेव बर्मन ह्यांनीं संगीत दिलेलें 'चुरा लिया है' हें गीत आहे. त्याच्या आरंभीं भूपिंदर सिंग ह्यांनीं वाजविलेला गिटारीचा तुकडा कोणाला ठाऊक नाहीं ? कॉर्डांच्या नांवांवरून तें गीत साथीसह गातां येईल. तो तुकडा मात्र हातीं लागणार नाहीं. रॉक संगीतांतील सर्वांत प्रसिद्ध रिफ 'डीप पर्पल' ह्या इंग्लिश वाद्यवृंदाच्या १९७२ सालच्या 'स्मोक ऑन द वॉटर' ह्या गाण्याचा. रिची ब्लॅकमोर तो दोन दोन तारा एकदम छेडून वाजवितो. चार्टवर लिहिलेली पुरी कॉर्ड धरून तोच वाजवूं गेल्यास सहा तारांचा जाड आवाज निघतो आणि रिफ ओळखूंही येत नाहीं. मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद ज्यांनीं नांवारूपास आणले त्यांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतील एक थोर नांव. गोव्यांतील चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलिपि शिकवीत असत, आणि ती विद्या त्यांस मुंबईंत उपयोगी पडली. अनेक व्हायोलिनांनीं मिळून एकच वाक्य वाजवावयाचें तेथें प्रत्येक स्वर लिहावाच लागतो. नुसती लय धरणाऱ्या गिटारवाल्याला मात्र कॉर्डचें नांव दिसलें कीं पुरें होतें. किती लिहावें हें कामावर अवलंबून असतें.

आतां त्या मुलीच्या पानाकडे वळूं. छपाईच्या सोयीसाठीं कॉर्डांचीं नांवें येथें नागरी अक्षरांत दिलीं आहेत, आणि गाण्याचे शब्द गाळले आहेत.

तारा नेहमींच्या मेळांत. कॅपो नाहीं. चार मात्रांचा खंड.

सुरुवात : रिफ 'क', गिटार एकटी, दोन वेळां. आठव्या स्वरावर ड्रम.

    ई मायनर
५ |---------२-०-----|
६ |-०-०-३-०-----३-०-|
    १ व २ व ३ व ४ व

कडवें, चार वेळां :

| ई मायनर | सी | जी | डी |

ध्रुवपद, दोन वेळां :

| सी | डी | जी, शेवटीं जोड 'ख' | ई मायनर, रिफ 'क' |

जोड 'ख' :

    जी
६ |-/-/-३-२-|
    १ २ ३ ४

शेवट : ई मायनर, पण वरच्या जागेवर. एकदांच वाजवून सोडावी.

१ |-७-|
२ |-८-|
३ |-९-|
४ |-९-|
५ |-७-|
६ |---|

रिफमध्यें सहाच्या सहा रेघा काढलेल्या नाहींत. ज्या दोन तारा वाजतात त्यांच्याच काढल्या. मोकळ्या जागेमुळें डोळा चटकन् ठरतो. रेघांखालीं 'एक व दोन व' अशी मोजणी आहे. 'व' म्हणजे अर्धी मात्रा. टॅबला कालाची जी उणीव आहे म्हणून मीं वर सांगितलें, ती ह्या एका ओळीनें भरून निघते. आणि रिफच्या डोक्यावर 'ई मायनर' हें नांव आहे. पुष्कळ मुलें टॅब लिहितांना तेथील कॉर्डचें नांव गाळतात. तें गाळूं नये. रिफचे स्वर ई, ई, जी, ई, बी, ए, जी, ई असे आहेत. त्यांपैकीं ई, जी, बी हे ई मायनरचेच स्वर. ए तेवढा जातां जातां भेटणारा. हें नांव वर असलें म्हणजे की-बोर्डवाल्याला व बासवाल्याला आपण खालीं काय धरावें हें कळतें, आणि गिटारवाल्यालाही समजतें कीं हा तुकडा आकाशांतून पडलेला नसून त्याच कॉर्डच्या अंगणांत खेळणारा आहे.

जोड 'ख' हा तर दोनच स्वरांचा. तिरप्या रेघा म्हणजे झणकार. पहिल्या दोन मात्रांवर जी वाजवावी, मग सहाव्या तारेवर तिसरा पडदा, दुसरा पडदा, आणि पुढच्या खंडाच्या पहिल्या मात्रेवर मोकळी तार. ती मोकळी तार म्हणजेच रिफचा पहिला स्वर. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून माणूस दारांत उभा राहावा, तसें येथें गाणें रिफपाशीं येऊन ठेपतें. चार्टवर 'जी' आणि त्यापुढें 'ई मायनर' एवढेंच लिहिलें असतें, तर ह्या दोन पायऱ्या त्या मुलाबरोबर कायमच्या गेल्या असत्या. शेवटच्या कॉर्डचेंही तसेंच. नांव तेंच ई मायनर. पण मोकळ्या तारांची ई मायनर घुमत राहते, आणि सातव्या पडद्यापासून धरलेली टणक व आंखूड वाजते. चार्टला हा भेद दिसत नाहीं.

कडव्याला मात्र टॅबची एक रेघही नाहीं. तेथें कोणीही आपल्या हातानें झणकारावें. दोन वादकांचें झणकारणें थोडें निराळें झालें तरी गाणें बिघडत नाहीं.

मग टॅब कोठें लिहावी आणि कोठें नाहीं ? तिनें हें ठरविण्याची जी रीत योजली ती मला फार आवडली. ज्यानें तें गाणें कधीं ऐकलेलें नाहीं अशा सातवींतील एका गिटारवाल्या मुलाला तिनें नुसता कॉर्ड चार्ट दिला आणि वाजवावयास सांगितलें. तो जेथें अडखळला तेथें तिनें खूण केली. पण जेथें तो न अडखळतां भलतेंच वाजवून गेला, तेथें तिनें दोन खुणा केल्या. अडखळणारा निदान विचारतो. न अडखळणारा विचारीत नाहीं, आणि त्याला उत्तर देणारें कांहीं तरी पानावर असावें लागतें. उलट, जेथें तो सहज चालला तेथें लिहावयाचें कारणच नव्हतें. एखाद्या गाण्यांत मध्यें गिटारवाल्यानें आपल्या मनानें आठ खंड वाजवावयाचे असतील, तर तेथें "ई मायनर, आठ खंड, आपल्या मनानें" एवढें लिहावें. दुसऱ्याच्या मनांत आलेलें आंकड्यांनीं भरून ठेवलें, तर पुढच्यानें स्वतःचें काय वाजवावें ?

थोड्या व्यावहारिक सूचना. रिफला एक अक्षर देऊन तो एकदांच लिहावा, आणि पुन्हां येईल तेथें अक्षरच लिहावें. गाणें एका पानांत बसतें तें ह्याच काटकसरीमुळें. कॅपो लावला असल्यास तसें वर लिहावें आणि आंकडे कॅपोपासून मोजावे. कॉर्डचें नांव शब्दाच्या आरंभीं अंदाजानें न टाकतां, ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते त्याच अक्षराच्या डोक्यावर घ्यावें. मराठींत शब्द लांब असतात व मात्रा पुष्कळदां शब्दाच्या पोटांत पडते. हीं पानें मुलें मोबाइलवर टाइप करून एकमेकांस पाठवितात तेव्हां मोठा घोटाळा होतो. प्रत्येक फोनवर अक्षरांची रुंदी निराळी. त्यामुळें 'जी' सरकून पुढच्या शब्दावर जाते आणि टॅबचे आंकडे मात्रा सोडून पळतात. हातानें, रेघी वहीच्या कागदावर, शिसपेन्सिलीनें लिहावें आणि त्याचा फोटो पाठवावा. शिसपेन्सिल अशासाठीं कीं पहिल्या खेपेस पान बरोबर येत नाहीं.

ज्या पालकांस हार्मोनियम येते त्यांनीं हा रिफ घरीं वाजवून पाहावा. पांढरी तीन षड्ज मानली तर स्वर असे होतात : सा सा ग सा, प म ग सा, गांधार कोमल. मुलानें हाच तुकडा गिटारीवर वाजविला आणि घरांत कोणी हार्मोनियमवर धरला, तर रॉक म्हणजे काय ह्या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर दोघांसही मिळेल.

आणि आपल्या संगीतांतील स्वरलिपीही ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनीं गवयांच्या कंठांत असलेल्या शेंकडों चिजा मिळवून त्या 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत लिहून ठेवल्या. कोमल स्वराच्या खालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, खालच्या सप्तकासाठीं खालीं टिंब व वरच्यासाठीं वर टिंब, मींड असेल तेथें कमान, सम दाखविण्यास फुली. त्यांच्याच काळीं पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) ह्यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें आणि आपली निराळी स्वरलिपि चालविली. तिच्यांत मात्रांच्या अंशांचीं चिन्हें अधिक बारकाईनें दिलीं आहेत. दोघांनींही बंदिशीचा सांगाडा लिहिला; विस्तार गायकाकडे सोडला. ज्याला आपण ख्याल म्हणून तासभर ऐकतों, त्याची बंदिश पुस्तकांत एका पानाहून क्वचितच मोठी असते. मात्र कमान जेथें हवी तेथें ती आहेच, कारण ती मींड सुटली तर चीज ती राहत नाहीं.

आपल्या नागपुरांतीलही एक उदाहरण सांगण्याचा मोह होतो. स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३), ज्यांचें नांव येथील महाविद्यालयास दिलेलें आहे, त्यांनीं गोंड लोकांचें लिंगोचें दीर्घ गीत एका परधान गायकाकडून मिळवून उतरून ठेवलें. हिस्लॉप ह्यांच्या मृत्यूनंतर तें सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत गोंडी शब्द आहेत, इंग्रजी अर्थ आहे, आणि तेवढ्यासाठींही आपण त्यांचे ऋणी आहों. परंतु तें पान पुढें ठेवून गीत गावें म्हटलें तर गातां येत नाहीं. मीं जेव्हां त्या मुलीला "जें लिहिलें आहे तेवढें पुरे" असें सांगितलें, तेव्हां माझ्या हातांत ह्याच जातीचा कागद होता, आणि माझ्याजवळ हिस्लॉपसाहेबांचें निमित्तही नव्हतें. चाल ज्याला ठाऊक होती तो मुलगा एका फोनच्या अंतरावर होता.

त्या वर्षींच्या संमेलनांत गाणें त्या एका पानावरून झालें. नऊ पानांचा गठ्ठा मींच कपाटांत टाकला. तिनें सहाव्या तारेवर आंगठा टेकला, रिफ दोनदां वाजला, आणि आठव्या स्वरावर ड्रमची काठी बरोबर पडली. मागच्या बाकांवरील मुलें उठलीं कीं नाहीं हें मला सांगतां येणार नाहीं, कारण मी तिच्या पानाकडेच पाहत होतों. जोड 'ख' येतांना माझाच श्वास अडकला होता.

ती मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन गेली. तिचें पान संगीताच्या खोलींतील कपाटांत प्लॅस्टिकच्या खोळींत ठेवलेलें आहे. गेल्या महिन्यांत सातवींतील एका मुलानें तें मागून नेलें. परत आणलें तेव्हां जोड 'ख' च्या खालीं शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलेलें होतें, "येथें करंगळी नको, तिसरें बोट." मीं तें खोडलें नाहीं.